तेल पाहा, तेलाची धार पाहा… आणि चहाचा कपही पाहा!

समोर कपभर चहा आहे? मग वाचायला डबल मजा! कपातल्या सहा-साडेसहा सेंटीमीटर चहाचा तळावर जेवढा दाब पडतो ना, बस्स, तेवढीच व्हॅक्यूमची ओढ सोसेल अशा बेताने तेलाची नेहमीची भलीमोठी टाकी बनवलेली असते. त्याहून जास्त ओढ बसली, की किल्ल्याच्या बुरुजासारखी दिसणारी ती टाकी पत्र्याच्या डब्यासारखी चेपते. माहीत होतं का?

चहाच्या कपाची ही उपमा ट्रेव्हर क्लेट्झ यांची. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीतला हा सेफ्टीचा बादशहा! टाकीतून पंपाने तेल उपसायचं, तर तेवढीच हवा वरून आत यायला हवी. ती येते व्हेंटमधून. आता त्या व्हेंटवर कुणी सहज म्हणून प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवली, तर? पोलादी टाकी विरुद्ध फुकटातली पिशवी, असा सामना. जिंकते पिशवी! क्लेट्झ यांनी अशा खऱ्या घटना पुस्तकात नोंदवून ठेवल्या आहेत.

आणि वळवाचा पाऊस? दुपारभर तापलेल्या टाकीवर अचानक गार सर कोसळली, की आतली वाफ आकसते. टाकीला घाईघाईने हवा लागते. म्हणून छपरावर हवा आत-बाहेर सोडणारा खास व्हॉल्व्ह असतो आणि त्याचा साइज काढताना पावसाने येणाऱ्या गारव्याचाही हिशेब होतो. इंजिनिअर याला सरळ ‘ब्रीदिंग’ म्हणतात. टाकी चक्क श्वास घेते!

तेल-वायू उद्योगातल्या प्रोसेस इंजिनिअरचे रोजचे प्रश्न हे असे. ऐकायला बालवाडीचे, पण उत्तर चुकलं तर प्लांट बंद. आणि गंमत म्हणजे यातल्या कित्येकांची उत्तरं आपल्या ओट्यावर, फडताळात आणि गावच्या विहिरीत सापडतात. चला, सुसाट सुटू या!

विहिरीतली मोटर खाली का उतरवतात?

पंप पाणी ‘ओढतो’ असं आपण म्हणतो. चूक! पंप फक्त जागा रिकामी करतो, पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. आणि हवेची ताकद ठरलेली: फार तर १०.३ मीटर उंच पाण्याचा स्तंभ. प्रत्यक्षात सात-आठ मीटरवरच दम संपतो. म्हणून तर खोल विहिरीत मोटर काठावर न ठेवता आत टप्प्यावर उतरवतात, नाहीतर सरळ पाण्यात बुडणारा पंप घेतात. शेतकऱ्याला जे अनुभवाने ठाऊक, त्यालाच रिफायनरीत नाव आहे ‘एनपीएसएच’. ही चार अक्षरं इंटरव्ह्यूत आली, की भल्याभल्या फ्रेशर्सना घाम फुटतो!

पंपाच्या तोंडाशी दाब फार घटला तर काय होतं, माहीत आहे का? द्रव थंडगार असतानाच उकळायला लागतो! बुडबुडे तयार होतात, पंपात शिरतात आणि दाब वाढताच फटाफट फुटतात. आवाज असा, जणू पंपात कुणी मूठभर खडी टाकली आहे. त्या इवल्या बुडबुड्यांच्या माराने पोलादाला खड्डे पडतात. उपाय? पंपात येणारा पाइप जाड ठेवा, आखूड ठेवा, वळणं कमी ठेवा. प्लांटमध्ये कधी गेलात तर बघा: पंपात येणारा पाइप बाहेर जाणाऱ्यापेक्षा बहुतेक वेळा जाडच दिसेल.

खोबरेल तेल आणि ६७० किलोमीटरची शेकोटी

डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली गोठते आणि आई ती गरम पाण्यात ठेवते. आता हीच बाटली शेकडो किलोमीटर लांब आहे अशी कल्पना करा. राजस्थानात बाडमेरला २००४ मध्ये ‘मंगला’ हे तेलक्षेत्र सापडलं. तेल भरपूर, पण मेणाने गच्च! साध्या हवेत ते थिजतं. थिजलेलं तेल पाइपातून जाणार कसं?

मग पाइपलाइनलाच स्वेटर घातला आणि स्वेटरच्या खाली हीटर दिला. बाडमेरहून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ६७० किलोमीटर, तेल ६५ अंशांच्या वर ठेवत नेणारी ही लाइन बांधली तेव्हा जगातली सर्वांत लांब, अखंड तापवलेली पाइपलाइन मानली गेली. रेकॉर्ड आपलं, मंडळी!

अलास्कातल्या पाइपलाइनचं दुखणं बरोब्बर उलटं. तिथलं तेल गरम आणि खालची जमीन हजारो वर्षं गोठलेली. पाइपाच्या उबेने बर्फ वितळलं तर खांब खचतील! म्हणून १९७७ मध्ये सुरू झालेल्या त्या १,२८८ किलोमीटरच्या लाइनच्या खांबांत अमोनिया भरलेल्या नळ्या आहेत. त्या जमिनीतली उष्णता उचलून वर हवेत सोडत राहतात. ना पंप, ना वीज. आणि ही लाइन नागमोडी का? थंडी-उन्हात आकसायला-पसरायला जागा मिळावी म्हणून. २००२ मध्ये ७.९ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. पाइप आपल्या आडव्या आधारांवर घसरला, पण फुटला नाही. टाळ्या!

मे महिन्यात बर्फ

मुंबईचा उकाडा, आणि गॅसच्या पाइपवरचा एक व्हॉल्व्ह पांढऱ्याशुभ्र हिमाने माखलेला. खरं वाटतं का? नैसर्गिक वायूचा दाब एकदम उतरवला, की तो गार पडतो. दाबाच्या दर एका बारमागे (बार हे दाबाचं एकक) साधारण अर्धा अंश. सत्तर बारचा वायू वीस बारवर आणला, तर पंचवीस अंशांची घसरण! ज्यूल आणि थॉमसन या जोडीने १८५२ मध्ये हा परिणाम दाखवून दिला. म्हणून पुष्कळ ठिकाणी दाब उतरवण्याआधी वायूला गरम करतात. आधी अंघोळ, मग गारवा.

पण थांबा, ट्विस्ट बाकी आहे. हायड्रोजनचा दाब असाच उतरवला, तर तो गार होत नाही. उलट तापतो!

आता माझी सर्वांत लाडकी चीज: पेटणारा बर्फ. पाण्याचे रेणू जमून पिंजरा करतात आणि वायूचा रेणू त्यात कैद होतो. झालं हायड्रेट! दिसायला बर्फ, पण काडी लावली की पेटतो. आणि हा बर्फ शून्य अंशाची वाटच बघत नाही. दाब पुरेसा असेल, तर पंधरा अंशांनाही खुशाल गोठतो.

रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांना क्लोरीनचं हायड्रेट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच भेटलं होतं. शंभरेक वर्षं ती प्रयोगशाळेतली गंमतच राहिली. मग १९३४ मध्ये हॅमरश्मिट या अमेरिकी संशोधकाने दाखवलं, की गॅसच्या पाइपलाइन ज्या ‘बर्फाने’ तुंबतात तो साधा बर्फ नव्हेच, तो हायड्रेट आहे. आणि एका रात्रीत गमतीचं झालं गंडांतर!

हे गंडांतर केवढं, ते २०१० मध्ये जगाने पाहिलं. मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर हॉरायझन या तेलरिगची दुर्घटना झाली, अकरा माणसं गेली आणि समुद्राच्या तळाशी विहीर मोकाट वाहू लागली. दीड किलोमीटर खोल पाण्यात, जवळजवळ शंभर टनांचा पोलादी घुमट गळतीवर उतरवला. आत हायड्रेट साचलं, वरचं तोंड तुंबलं, घुमट तरंगू लागला. तो बाजूला ठेवावा लागला. शंभर टन पोलाद हरलं ते बर्फापुढे!

तुंबलेला पाइप मोकळा कसा करायचा? इथे घाई म्हणजे घात. एकाच बाजूचा दाब काढला, तर पलीकडचा दाब त्या बर्फाच्या बोळ्याला बंदुकीच्या गोळीसारखा सोडतो. शक्य तिथे दोन्ही बाजूंनी दाब हळूहळू उतरवायचा, हा नियम. आणि मुळात तुंबूच नये म्हणून मेथेनॉल किंवा ग्लायकॉल सोडायचं. काही गाड्यांच्या रेडिएटरमधलं कूलंट ज्या ग्लायकॉलचं असतं, तेच हे.

रॅपिड फायर! श्वास रोखा…

अर्ध्या इंचाचा पाइप किती इंचाचा? अर्धा म्हणालात तर आउट! बाहेरून मोजला तर २१.३ मिलिमीटर, नेहमीच्या जाडीत आतून साधारण १५.८. अर्धा इंच म्हणजे १२.७, आणि तो कुठेच नाही! पूर्वी लोखंडाच्या भिंती जाड असत, मग पोलाद सुधारलं, भिंती पातळ झाल्या. पण आटे आणि फिटिंग जुळावेत म्हणून बाहेरचं माप तेच ठेवलं. चौदा इंचांपासून पुढे मात्र नाव आणि बाहेरचं माप एकदम जुळतं.

पेपरात गॅसच्या बातमीत ‘एमएमएससीएमडी’ वाचून डोकं गरगरतं? पहिले दोन एम म्हणजे मिलियन. का? एम हा रोमन आकडा, म्हणजे हजार. हजार गुणिले हजार, मिलियन. उरलेली अक्षरं ‘स्टँडर्ड क्यूबिक मीटर पर डे’ची. खऱ्या रोमन माणसाने मात्र एमएम पाहून ‘दोन हजार’ म्हटलं असतं!

एक घनमीटर गॅस म्हणजे नक्की किती? आधी विचारा, कुठल्या तापमानाला. ‘नॉर्मल’ घनमीटर शून्य अंशाचा, ‘स्टँडर्ड’ बहुधा पंधरा अंशांचा. फरक साडेपाच टक्क्यांचा. एका अक्षराच्या चुकीने बिल बदलतं.

रिफायनरीत ४२ गॅलनचं एक बॅरल कच्चं तेल घाला. अमेरिकी रिफायनऱ्यांचा सरासरी हिशेब सांगतो, की बाहेर सुमारे ४५ गॅलन माल पडतो. चमत्कार? छे! वजन वाढत नाही, जड रेणू तोडून हलके केले की आकारमान फुगतं. ज्वारीपेक्षा लाह्यांची परात मोठी भरते, तसं समजा.

कच्चं तेल किती हलकं, हे सांगणारी ‘एपीआय ग्रॅव्हिटी’ १४१.५ या विचित्र आकड्यावर उभी आहे. तो .५ कुठून आला? चुकीतून! आकडा १४० हवा होता. पण १९२१ मध्ये लक्षात आलं, की बाजारातले हायड्रोमीटर भलत्याच आकड्यावर बेतलेत. इतकी उपकरणं फेकायची कशी? मग चुकीलाच प्रमाण मानलं. चूक झाली, नियम झाला!

पाइपलाइन आतून साफ करणाऱ्या यंत्राला म्हणतात ‘पिग’. डुक्कर! पाइपातून जाताना ते किंचाळायचं, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. १९८७ च्या ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ या बाँडपटात तर एका माणसाला पिगमध्ये बसवून पाइपलाइनमधून सीमापार धाडलं आहे.

अॅल्युमिनियमचा शत्रू कोण? पारा! वायूत पाऱ्याचा अगदी सूक्ष्म अंश असला, तरी गॅस गार करून त्याचा द्रव करणाऱ्या प्लांटमधले अॅल्युमिनियमचे एक्स्चेंजर पोखरले जातात. १९७३ मध्ये अल्जीरियातल्या स्किकदा इथे हा धडा महागात मिळाला. तेव्हापासून पारा गाळण्याची पिंपं आधी, थंडावा नंतर.

हुश्श. आता श्वास सोडा!

नाकाची गोष्ट

स्वयंपाकाच्या गॅसला वास नसतो. माहीत आहे ना? तो घाण वास मुद्दाम घातलेला असतो. मर्कॅप्टन नावाचं रसायन, हवेत अब्जात काही भाग असलं तरी नाक पकडतं.

यामागची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १८ मार्च १९३७. टेक्सासमधल्या न्यू लंडन गावची शाळा. तळघराच्या पोकळीत गॅस साचला होता. वास नाही, म्हणून कुणालाच पत्ता नाही. एक ठिणगी, आणि जवळजवळ तीनशे जीव गेले, बहुतेक मुलंच. त्यानंतर टेक्सासने गॅसमध्ये वास घालणं सक्तीचं केलं, मग जग त्या वाटेने गेलं. आपल्या स्वयंपाकघरातला तो नकोसा वास त्या मुलांच्या वाटेने आला आहे.

या वासाचा एक फॅन क्लबही आहे! कॅलिफोर्नियात युनियन ऑइल कंपनीच्या इंजिनिअरांनी पाइपलाइनची गळती शोधायला चक्क गिधाडांची मदत घेतली. गॅसमध्ये मर्कॅप्टन घालायचं आणि आकाशात बघायचं. टर्की व्हल्चर जिथे घिरट्या घालतील, तिथे गळती. कुजणाऱ्या प्राण्यालाही तसाच वास येतो ना! आपल्याकडची गिधाडं मात्र ही ड्युटी करू शकणार नाहीत. ती भक्ष्य शोधतात डोळ्यांनी.

आणि नाकावर फार विसंबू नका. हायड्रोजन सल्फाइड हा कच्च्या वायूतला जहरी भिडू. थोडा असला की सडक्या अंड्यांचा वास मारतो. शंभर पीपीएमच्या (दहा लाखांत शंभर भागांच्या) आसपास गेला, की नाकाची वास घेण्याची ताकदच मारतो. वास थांबला म्हणजे धोका टळला नाही, धोका वाढला असू शकतो! म्हणून अशा प्लांटमध्ये माणसं छातीवर छोटा डिटेक्टर लावूनच फिरतात. या विषारी वायूतून गंधक काढण्याची क्लॉस प्रक्रिया १८८३ ची, आणि आज जगातलं बहुतेक गंधक खाणीतून नाही, तेल आणि वायूतूनच निघतं.

विजयदुर्गाचा पाहुणा

१९०३, अमेरिकेत कॅन्ससमधलं डेक्स्टर गाव. गॅस लागला! अख्खं गाव जमलं, भाषणं झाली, पेटता गवताचा भारा वायूच्या झोतात ढकलला… आणि भाराच विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. गाव हिरमुसलं. दोन वर्षांनी रसायनशास्त्रज्ञांनी तो वायू तपासला आणि त्यात सापडला हेलियम! सूर्यावरचा म्हणून ओळखला जाणारा वायू कॅन्ससच्या जमिनीतून फुसफुसत होता. आज एमआरआय मशीनला गार ठेवणारा हेलियम नैसर्गिक वायूच्याच प्लांटमधून येतो.

आता कोकणात या. हेलियमची कहाणी सुरू झाली ती १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणापासून, जे भारतातून दिसलं होतं. हेलियमच्या शोधकर्त्यांपैकी एक, नॉर्मन लॉकियर, १८९८ च्या ग्रहणासाठी थेट विजयदुर्गाला आले होते. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ आजही दाखवतात आणि दर १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवस साजरा होतो. पुढच्या ट्रिपला फोटो मस्ट!

शिट्टी, मशाल आणि खडू

प्रेशर कुकर बघा. शिट्टी दाब सांभाळते. शिट्टी तुंबली, तर सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो आणि वाफ सोडून देतो. एक सांभाळणारा, एक वाचवणारा. रिफायनरीतही तेच: आधी कंट्रोल व्हॉल्व्ह, मग अलार्म, मग ट्रिप म्हणजे आपोआप बंद, आणि सगळे हरले तर रिलीफ व्हॉल्व्ह. याचा आजोबा कोण? डेनिस पापां! सतराव्या शतकात त्याने ‘डायजेस्टर’ नावाचा कुकर केला, त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला आणि १६८२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या मंडळींना हाडंसुद्धा लुसलुशीत शिजवून वाढली.

चेंबूर-माहुलकडे किंवा उरणला दिसणारी ती उंच ज्योत? ती फ्लेअर. रिलीफ व्हॉल्व्हने सोडलेला वायू तिथे जातो. जाळायचा कशाला, तसाच सोडून का नाही द्यायचा? एक तर तो साचून पेटू शकतो. दुसरं, शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन पृथ्वीला कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून जास्त तापवतो. म्हणून जाळलेला परवडतो. ज्योत काळी दिसू लागली, की तिच्यात वाफ सोडतात आणि धूर गायब.

उरणला गॅस येतो कुठून? बॉम्बे हायवरून! किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर, १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने तिथे तेल शोधलं आणि १९७६ मध्ये ते वाहू लागलं. समुद्राखालच्या गॅसलाइनमध्ये द्रवही साचतो आणि मध्येच त्याचा लोंढा धाडकन येतो. त्याला झेलायला किनाऱ्यावर लांबच लांब पाइपांचा ‘स्लग कॅचर’ असतो. मुंबईला कॅचर हवाच होता!

आणि तो खडू? १९७४, इंग्लंडमधलं फ्लिक्सबरो. सहा रिअॅक्टरच्या रांगेतला पाचवा बिघडला, काढला. चौथा आणि सहावा जोडायला तात्पुरता पाइप हवा होता. त्याचं डिझाइन काय? वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलेलं चित्र! १ जूनला तो पाइप निखळला, स्फोट झाला, २८ माणसं गेली. शनिवार होता, ऑफिस रिकामं होतं, म्हणून आकडा तिथे थांबला. माझ्या मते या अख्ख्या धंद्यातली सर्वांत महाग रेघ ती हीच. आज कुठलाही छोटा बदल करायचा, तरी कागदावर मांडून चार जणांच्या सह्या लागतात, त्यामागे तो खडू आहे.

आयसीआयमध्येच घडलेली एक पद्धत आज जगभर चालते: हॅझॉप. इंजिनिअर टेबलाभोवती बसतात, एकेक पाइप घेतात आणि ठरलेले शब्द टाकत जातात. प्रवाह ‘नाही’ तर? ‘जास्त’ तर? ‘कमी’ तर? ‘उलटा’ तर? दिवसचे दिवस हेच! लहान मूल ‘का, का, का’ करून हैराण करतं ना, त्याला इथे पगार मिळाला असता.

आता शेवटचा प्रश्न, आणि तो तुमच्यासाठी. सिलिंडरच्या मुठीखालच्या उभ्या पट्ट्यांपैकी एकीवर आतून एक अक्षर आणि दोन आकडे असतात. माहीत आहे का, कशाचे? ‘ए’ म्हणजे मार्चअखेर, ‘बी’ जून, ‘सी’ सप्टेंबर, ‘डी’ डिसेंबर. पुढचे आकडे वर्षाचे. बी-२७ लिहिलं असेल, तर त्या सिलिंडरची पुढची चाचणी जून २०२७ पर्यंत व्हायला हवी. चहा संपला असेल तर उठा, ओट्याखाली वाका आणि तुमच्या सिलिंडरचं अक्षर वाचून या. आणि पुढच्या वेळी दारात आलेल्या सिलिंडरवरची मुदत उलटून गेलेली दिसली, तर तो घेऊ नका. दुसरा मागा.